केजहून कुरटे बेटावर

बीड जिल्ह्यातील केज हे बालाघाटच्या पठारावरील तालुक्याचे गाव. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सहाशे मीटरांहून अधिक आहे, आणि समुद्र तेथून इतका दूर आहे की, अनेकांच्या आयुष्यात तो केवळ भूगोलाच्या पुस्तकापुरताच येतो. पाण्याशी केजच्या मुलांचा परिचय निराळ्या प्रकारचा असतो. विहीर, आड, शेततळे आणि धनेगावचे मांजरा धरण ही त्यांची जलाशये होत. पाणी म्हणजे साठविण्याची, मोजून वापरण्याची आणि वाट पाहण्याची वस्तू, हा संस्कार त्यांच्यावर लहानपणापासून झालेला असतो. २०१६ सालच्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी पोहोचवावे लागले, ही हकीकत त्या भागातील घराघरांत ठाऊक आहे.

अशा गावातील एखादे कुटुंब सुट्टीत मुलांना समुद्र दाखवावयास निघते, तेव्हा तो प्रवास केवळ करमणुकीचा राहत नाही. ज्याला पाण्याची कमतरता ठाऊक आहे, त्याने पाण्याची अमर्यादा प्रथमच पाहावयाची, असा तो प्रसंग असतो. त्यातून मुलांना पुष्कळ शिकता येते. मात्र काही गोष्टी आधी समजून घेतल्या नाहीत, तर याच प्रसंगातून मोठा अनर्थही ओढवू शकतो. म्हणून बेटाची आणि किनाऱ्याची सहल योजणाऱ्या कुटुंबाने समुद्राचे थोडे शास्त्र घरूनच बरोबर न्यावे, हे इष्ट होय.

केजहून कळंब, बार्शी, पंढरपूर, मिरज, कोल्हापूर आणि फोंडा घाट या मार्गाने मालवणास जावयाचे म्हटले तर पाचशे किलोमीटरांच्या आसपास प्रवास घडतो. हा मार्ग स्वतःच भूगोलाचा एक पाठ आहे. बीड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सहाशे पन्नास ते सातशे मिलीमीटर पाऊस पडतो, तर कोल्हापूरच्या पश्चिमेस घाटमाथ्यावरील गगनबावड्यास पाच हजार मिलीमीटरांहून अधिक पडतो. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीस अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपल्याजवळचे बहुतेक पाणी तेथेच रिते करतात. पलीकडे उतरताना ते कोरडे झालेले असतात. घाटातून खाली उतरताना ज्वारीची शिवारे मागे पडून भातखाचरे, माड आणि फणस दिसू लागतात, तेव्हा आपल्या गावी दुष्काळ का पडतो, या प्रश्नाचे अर्धे उत्तर मुलांना गाडीच्या खिडकीतूनच मिळते.

येथे आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. केजला अरबी समुद्र जवळचा. परंतु केजच्या शिवारातले पाणी त्या समुद्रास कधी मिळत नाही. मांजरा नदी पूर्वेकडे वाहत जाऊन गोदावरीस मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास. म्हणजे पश्चिमेच्या समुद्रावरून आलेल्या ढगांतला उरलासुरला वाटा केजच्या पदरात पडतो आणि तो सगळे दख्खन ओलांडून पूर्वेच्या समुद्रास जाऊन पोहोचतो. नकाशावर बोट फिरवून हा प्रवास दाखविला, तर दहा वर्षांच्या मुलासही तो सहज समजतो.

मालवणच्या किनाऱ्यापासून होडीने थोड्याच मिनिटांच्या अंतरावर कुरटे नावाचे खडकाळ बेट आहे. या बेटावर शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाच्या बांधकामास प्रारंभ केला. हिरोजी इंदुलकर यांच्या देखरेखीखाली सुमारे तीन वर्षांत, म्हणजे १६६७ साली, तो किल्ला पुरा झाला. त्याचे क्षेत्र सुमारे ४८ एकर असून वळणावळणांनी गेलेला तट सुमारे तीन किलोमीटर लांबीचा आहे. दरवाजा तटाच्या वळणात असा दडविला आहे की, होडी अगदी जवळ येईपर्यंत तो नवख्याच्या दृष्टीस पडत नाही. आत शिवराजेश्वराचे मंदिर आहे. काही कुटुंबे किल्ल्यात आजही राहतात.

परंतु केजच्या मुलांना या किल्ल्यात सर्वांत अधिक नवल वाटावे, असे काही असेल तर ते तटही नव्हे आणि बुरूजही नव्हे. ते म्हणजे दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी. चोहोंकडे खारा समुद्र आणि मधोमध गोडे पाणी! समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते पिऊन तहान भागण्याऐवजी वाढते. मग बेटावर गोडे पाणी येते कोठून?

त्याचे उत्तर आकाशात आहे. बेटावर पडलेला पाऊस मातीत आणि खडकाच्या फटींत मुरतो. गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असते. त्यामुळे भूगर्भात ते खाऱ्या पाण्यात एकदम मिसळून न जाता त्याच्यावर तरंगत राहते. शास्त्रज्ञांनी याचे एक स्थूल प्रमाण बसविले आहे: समुद्राच्या पातळीहून गोडे पाणी एक हात उंच साचले असेल, तर त्याखाली सुमारे चाळीस हात खोलीपर्यंत गोडे पाणी असू शकते. हे प्रमाण सच्छिद्र भूमीस अधिक लागू पडते. खडकाळ बेटावर फटींच्या रचनेप्रमाणे ते बदलते. तथापि तत्त्व तेच. या व्यवस्थेस एक अटही आहे. मुरते त्याहून अधिक पाणी उपसले, तर वरचा गोडा थर पातळ होतो आणि खालून खारे पाणी वर चढते. एकदा विहीर खारावली की ती पूर्ववत होण्यास दीर्घ काळ लागतो. केजमध्ये विंधणविहिरी खोल खोल जात असताना ज्यांनी आडाचे पाणी आटलेले पाहिले आहे, त्यांस हा नियम वेगळा समजावून सांगण्याची गरज पडू नये. बेट असो की पठार, मुरेल तेवढेच आपले.

आता प्रत्यक्ष किनाऱ्याकडे वळू. मुलांचा पहिला प्रश्न बहुधा लाटांविषयी असतो: एवढे पाणी सारखे किनाऱ्याकडे येते, तर किनारा बुडत कसा नाही? येथे ज्वारीच्या शेताचा दाखला उपयोगी पडतो. वाऱ्याच्या झोताने उभ्या पिकावर लाट या बांधापासून त्या बांधापर्यंत धावत जाते. पण एकही ताट आपली जागा सोडीत नाही. खोल समुद्रात असेच घडते. लाट पुढे जाते, पाणी तेथल्या तेथेच वरखाली फिरते. किनाऱ्याशी तळ उथळ झाला म्हणजे लाटेचा पाय अडतो, डोके पुढे जाते आणि ती फुटते. त्या वेळी मात्र पाणी खरोखरच पुढे लोटले जाते, आणि जे पुढे आले ते मागे जाणारच.

या मागे जाण्यातच धोका आहे. लाटांनी आणलेले पाणी सर्वत्र सारखे परतत नाही. वाळूच्या उंचवट्यांमधील एखाद्या अरुंद वाटेने ते एकवटून वेगाने समुद्राकडे धावते. अशा ठिकाणी लाटा कमी फुटतात, फेस कमी दिसतो आणि पाणी आसपासच्या मानाने शांत व गडद भासते. अनभिज्ञ माणूस तीच जागा सुरक्षित समजून मुलांना घेऊन नेमका तेथे उतरतो. त्या ओढीत सापडल्यावर किनाऱ्याकडे तोंड करून प्रवाहाविरुद्ध हात मारणे ही मोठी चूक होय. त्यात उत्तम पोहणाराही थकतो. घाबरून न जाता अंग तरंगत ठेवावे, हात वर करून मदत मागावी, आणि पोहता येत असल्यास किनाऱ्याला समांतर, आडव्या दिशेने पोहत प्रवाहाबाहेर पडून मग काठ गाठावा. प्रवाहाची वाट अरुंद असते. आडवे गेल्यास तिच्यातून सुटका होते.

मराठवाड्यातील पुष्कळ मुले पाठीला डबा अथवा वाळलेला भोपळा बांधून विहिरीत पोहावयास शिकतात. ही विद्या चांगलीच आहे. परंतु विहिरीचे पाणी स्थिर असते आणि चार हात मारले की काठ हाती लागतो. समुद्रात काठ जागेवर असतो, पोहणाराच नकळत वाहत असतो. म्हणून ‘आमच्या मुलाला पोहता येते’ हे आश्वासन समुद्राच्या बाबतीत अपुरे आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. तरुण, धडधाकट मुलांची ही गत. मग लहानांविषयी किती दक्षता घ्यावी, हे निराळे सांगावयास नको. मुलाच्या गुडघ्यापलीकडे पाणी जाऊ देऊ नये. मोठ्या माणसाने मुलाच्या समुद्राकडील बाजूस, हाताच्या अंतरावर उभे राहावे. जीवरक्षकाने अथवा गावच्या कोळ्याने ‘येथे नको’ म्हटले की वाद न घालता मागे फिरावे. देवबागेसारख्या ठिकाणी, जेथे कर्ली नदी समुद्रास मिळते, ओहोटीच्या वेळी नदीचे आणि परतणाऱ्या समुद्राचे पाणी एकत्र होऊन ओढ फार वाढते. तेथे संगम पाहावा, त्यात उतरू नये. होडीत बसताना तरंगण्याचे जाकीट मुलाच्या मापाचे आहे आणि त्याचे बंद आवळलेले आहेत, हे स्वतः पाहावे. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची नौका उलटून जीवितहानी झाली होती, याचे स्मरण असावे.

भरती-ओहोटीची वेळ कळण्यास देशावरच्या कुटुंबापाशी एक साधन घरचेच आहे, ते म्हणजे पंचांग. समुद्राचे पाणी मुख्यतः चंद्राच्या व काही अंशी सूर्याच्या आकर्षणाने चढते-उतरते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास दोघांचे आकर्षण एका रेषेत येते आणि उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात पडते आणि भांगाची भरती येते. कोकणात एक सोपा हिशेब प्रचलित आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीचा तास मिळतो. चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या सुमारास, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. दोन भरतींत सुमारे साडेबारा तासांचे अंतर असते आणि ओहोटी मधोमध येते. हा अंदाज मुंबईच्या बाजूस अधिक जुळतो. ठिकाणापरत्वे वेळ मागेपुढे होते, म्हणून नेमकी वेळ स्थानिक माणसास विचारून घ्यावीच. परंतु एकादशी-चतुर्थीसाठी भिंतीवर टांगलेले पंचांग समुद्राचेही वेळापत्रक सांगते, हे पाहून मुलांना जो आनंद होतो तो काही वेगळाच.

ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या खडकांतील डबकी हे मुलांचे खरे विद्यालय होय. तेथे खेकडे, शिंपले आणि लहान मासे स्वस्थपणे पाहता येतात. सिंधुदुर्गाभोवतीच्या पाण्यात प्रवाळही आहेत. या परिसरास १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. प्रवाळ दगडासारखे दिसले तरी ती सूक्ष्म प्राण्यांची वस्ती असते. तिच्यावर पाय देऊन उभे राहणे अथवा तुकडा तोडून आणणे म्हणजे पुष्कळ वर्षांची घडण एका क्षणात मोडणे. पहाटे किनाऱ्यावर रापण ओढली जात असेल, तर मुलांना अवश्य न्यावे. दोरास हात लावू दिला, तर ताटात आलेल्या मासळीमागे किती जणांचे बळ लागते, ते त्यांस कळेल. माळकरी घरांची उपासमार होण्याचे कारण नाही. तांदळाची भाकरी, उसळ, सोलकढी आणि मालवणी खाजे यांवर मुले खूश असतात.

ऊन, तहान आणि ऋतू यांकडेही लक्ष असावे. किनाऱ्यावर वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही. पण वाळू व पाणी यांवरून परावर्तित होऊन ते अधिक पोळते. सकाळ व सायंकाळ पाण्याजवळ घालवावी, दुपार सावलीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मेअखेर समुद्र खवळू लागतो आणि पावसाळ्यात किल्ल्याकडील होड्या बंद राहतात.

शेवटी एका गोष्टीचा विचार सुशिक्षित कुटुंबांनी अवश्य करावा. ज्या रस्त्याने ही सहल जाते, त्याच रस्त्याने केज तालुक्यातील शेकडो ऊसतोड कुटुंबे दरवर्षी सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यांकडे जातात. त्यांची मुले सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पोहोचतात आणि उसाच्या फडातूनच माघारी फिरतात; समुद्र तेथून शंभर-दीडशे किलोमीटरांवर असतो, पण दिसत नाही. काही मुले आईबापांविना गावी, हंगामी वसतिगृहांत राहून शाळा करतात. सुट्टीचा थंडीचा काळ आणि तोडणीचा काळ एकच असल्यामुळे या मुलांना समुद्र दाखविणारे घरचे कोणी नसते. शाळेच्या सहलीत अशा दोन मुलांचा खर्च एका सुस्थित कुटुंबाने उचलला, तर ते काम मोठे अवघड नाही. ज्या समुद्रावरून त्यांच्या शिवारात पाऊस येतो, तो समुद्र एकदा डोळ्यांनी पाहण्याचा हक्क त्यांचाही आहे.