घोडा जीभ बाहेर का काढतो?

आजचा विषय जरा हटके. वीकेंडला घोडेस्वारी शिकायला जाणाऱ्यांनी हे नक्की पाहिलं असेल. घोडा चालायला लागला की त्याची जीभ बाजूला लोंबते, किंवा तो जीभ मागे ओढून बिटच्या वर घेतो. फोटो भारी येतो, पण हे हसण्यावारी नेऊ नका.

आधी तोंडाची रचना बघू. घोड्याच्या पुढच्या दातांमध्ये आणि दाढांमध्ये मोकळी जागा असते. तिथे नुसती हिरडी, आणि तिच्याखाली लगेच हाड. बिट, म्हणजे लगामाचा तोंडातला दांडा, तिथेच बसतं. त्याच्याखालची जीभ गादीसारखी दाब झेलते. जीभ वर गेली की गादीच गेली! मग दाब थेट हिरडीवर. घोडा मान झटकतो, लगामाचा इशारा नीट पोचत नाही, आणि तो बिचकला तर आवरणं अवघड.

अशा वेळी बरेच जण नाकपट्टी आवळतात. तोंड बंद, जीभ आत, विषय संपला! आम्हा कोडिंगवाल्यांच्या भाषेत हे म्हणजे एरर लपवणं. मेसेज दिसत नाही, बग तिथेच. नाकाच्या हाडावर पट्टीखाली दोन बोटं सहज जायला हवीत, हा जुना नियम आहे. आता तर आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्येही 2025 पासून ही जागा खास साधनाने मोजतात.

मग करायचं काय? डीबगिंग! एका वेळी एकच गोष्ट तपासा.

पहिले दात. घोड्याचे दात झिजतात तसे वर येत राहतात आणि दाढांना धारदार कडा तयार होतात. वरच्या कडा गालाला लागतात, खालच्या जिभेला. त्यामुळे वर्षातून एकदा तरी पशुवैद्याकडून तोंड तपासून घ्या.

दुसरं बिट. ते फार खाली लोंबत असेल, तर जीभ वर घेणं सोपं जातं. फार जाड असेल तर तोंडात मावत नाही, अरुंद असेल तर ओठांचे कोपरे चिमटतात.

तिसरे आपले हात. तोल सांभाळायला लगाम धरला, की प्रत्येक हिसका त्याच्या तोंडात जातो. एक सोपी चाचणी करा. घोडा आधी बिटशिवाय लांब दोरीवर फिरवा, मग बिट घालून, मग स्वारासकट. जीभ नेमकी कधी बाहेर येते? उत्तर तिथेच सापडेल.

एक मात्र खरं, दुखणं गेलं तरी सवय लगेच जात नाही. स्वारी चालू असताना जीभ वर गेली तर ओढाताण नको. थांबा, उतरा, बिट नीट करा, पुन्हा निघा. आणि सगळं तपासूनही एखादा निवांत घोडा जिभेचं टोक बाहेर ठेवत असेल, तर ठेवू दे की! जीभ बांधायच्या भानगडीत पडू नका.

घोड्याला बोलता येत नाही, म्हणून तो तोंडाने असं सांगतो. ते तोंडच आवळलं, तर कळणार कसं?

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर हात हलके ठेवा!