चढणीचे मासे आणि जंतूंची वंशावळ

पावसाचा जोर वाढला, वेदगंगा-दूधगंगेला पाणी आलं, की निपाणी परिसरात चढणीच्या माशांची वाट पाहिली जाते. बेळगावच्या बाजारात रोहू, कटला, मरळ, चिलापी बारमाही असतात. पण कुणाला मोठा ताप आला की पहिला संशय माशावर, आणि मग मासेवालीवर. हा संशय पारखण्याचं साधन आज आपल्याकडे आहे : जंतूच्या जनुकांचं वाचन.

गैरसमज : गोड्या पाण्यातला मासा खाल्ला की जंतुसंसर्ग होतोच.
वस्तुस्थिती : २०१५ मध्ये सिंगापूरला शंभरावर लोकांना ‘ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस’ (जीबीएस) या जंतूच्या २८३ क्रमांकाच्या वाणाची लागण झाली. एरवी हा जंतू नवजात बाळं, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांच्यासाठी धोक्याचा मानला जाई. इथे मात्र धडधाकट माणसांच्याही रक्तात, सांध्यांत, मेंदूच्या आवरणात तो पोचला. मूळ सापडलं ते तांदळाच्या पेजेबरोबर खाल्ल्या जाणाऱ्या कच्च्या माशाच्या कापांत. त्यांतला एक मासा आपल्या मरळीच्या कुळातलाच. त्या वर्षीच्या डिसेंबरात तिथे गोड्या पाण्यातले मासे कच्चे वाढण्यावर बंदी आली. म्हणजे दोष कच्चेपणाचा होता. रश्श्यात नीट शिजून काट्यापासून सहज सुटणाऱ्या माशात हा जंतू जगत नाही.

गैरसमज : पुण्यातला ‘जीबीएस’ तो हाच.
वस्तुस्थिती : आद्याक्षरं तेवढी सारखी. २०२५ च्या सुरुवातीला पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात पसरला तो गिलेन-बारे सिंड्रोम. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. बऱ्याचदा त्याआधी पोटाचा संसर्ग होऊन गेलेला असतो. पुण्यातल्या काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू आढळला होता. तो आजार वेगळा, त्याचे उपचारही वेगळे.

गैरसमज : कल्ले लाल, डोळे चकचकीत, म्हणजे मासा निर्धोक. उरलेलं लिंबू-मीठ आणि बर्फ पाहून घेतात.
वस्तुस्थिती : ताजेपणा ओळखायला हे निकष चांगले, पण जंतू बाळगणारा मासाही ठणठणीत दिसू शकतो. बर्फाने जंतूंची वाढ मंदावते, ते मरत नाहीत. लिंबू आणि मीठ चव देतात. शिजवण्याचं काम आचेचंच. खरा धोका अनेकदा ओट्यावर असतो. मासा साफ केलेली विळी न धुता तिच्यावरच कोशिंबिरीचा कांदा चिरला, तर जंतू न शिजताच ताटात येतो. हाताला जखम असेल तर मासा साफ करायचं काम दुसऱ्याकडे द्यावं.

गैरसमज : रुग्णात आणि माशात एकच जंतू सापडला, म्हणजे गुन्हा सिद्ध.
वस्तुस्थिती : पाटील आडनावाची माणसं गावोगाव असतात, आडनाव जुळलं म्हणून घर एक ठरत नाही. जंतूचं नाव हे असंच आडनाव. घर ओळखायला त्याची वंशावळ लागते. ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकसच्या जनुकसंचात सुमारे वीस लाख अक्षरं असतात. ती वाचून दोन नमुन्यांत किती अक्षरांचा फरक आहे ते मोजतात. फरक अगदी थोडा असेल तर दोघांचा पूर्वज जवळचा. तरीही कुणाकडून कुणाकडे गेला, हे एवढ्यावरून ठरत नाही. कोणी काय खाल्लं, कधी खाल्लं, ही विचारपूस जोडावीच लागते. सिंगापूरमध्ये दोन्ही पुरावे एकाच दिशेला गेले, म्हणून निष्कर्ष पक्का झाला. आणि वंशावळ जुळली नाही, तर हीच पद्धत निरपराध मासेवालीवरचा ठपकाही पुसते.

गैरसमज : ही बड्या प्रयोगशाळांची कामं, आपला काय संबंध?
वस्तुस्थिती : करोनाचे डेल्टा, ओमायक्रॉन हे वाण याच वाचनातून ओळखले गेले. पण ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकससारख्या जंतूंच्या बाबतीत सुरुवात तालुक्याच्या दवाखान्यात होते. गंभीर तापात शक्यतो प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी रक्ताचा नमुना कल्चरला घेतला, तर जंतू हाती लागण्याची आशा अधिक. तो हाती लागला नाही तर वाचणार काय? सीमाभागात आणखी एक अडचण आहे. निपाणीचा एक रुग्ण कोल्हापूरला जातो, दुसरा बेळगावला. नोंदी दोन राज्यांत विभागतात. वेदगंगा मात्र कोल्हापूर जिल्ह्यातूनच निपाणीकडे येते. नदी एक, मासा एक, तर दोन्हीकडच्या नोंदी शेजारी ठेवून वाचल्या गेल्याच पाहिजेत. तोवर मासा नीट शिजवावा, विळी धुवावी, आणि पुराव्याशिवाय कुणाच्या पाटीकडे बोट दाखवू नये.