गेम कन्सोलला घरचे वाय-फाय का दिसत नाही?

मोबाइलवर वाय-फाय सुरळीत चालते, लॅपटॉपवरही चालते. पण टीव्हीला जोडलेल्या गेम कन्सोलच्या पडद्यावर घरच्या नेटवर्कचे नावच येत नाही. मुलांचे निदान तयार असते: कन्सोल बिघडला. पालक म्हणतात, नवा राउटर आणू. दोन्ही निष्कर्ष घाईचे, आणि दुसरा तर खर्चाचाही. २०१३ साली बाजारात आलेल्या प्लेस्टेशन ४ चे उदाहरण घेऊन आपण हे कोडे सोडवून पाहू. त्याला शाळेतले भौतिकशास्त्र बहुतांशी पुरते.

वाय-फाय म्हणजे रेडिओच. आकाशवाणीचे केंद्र ऐकण्यासाठी रेडिओची सुई ठरावीक जागी न्यावी लागते, तसाच हा प्रकार. घरगुती राउटर बहुधा दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागले की पहिल्याची तरंगलांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर येते, दुसऱ्याची ६ सेंटिमीटर. (हा भागाकार वर्गात जरूर करून घ्यावा.) मूळ प्लेस्टेशन ४ ला यांतला फक्त पहिला पट्टा ऐकू येतो, २०१६ साली आलेल्या स्लिम आणि प्रो या आवृत्त्यांना दोन्ही. म्हणजे राउटरवर केवळ ५ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू असेल, तर मूळ कन्सोलच्या यादीत आपल्या घरचे नाव येणारच नाही. शेजाऱ्यांची नावे मात्र दिसतील! ही खूण फार उपयोगाची आहे. शेजाऱ्यांचे नेटवर्क दिसते, त्या अर्थी कन्सोलचा अँटेना शाबूत आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ चा पट्टा चालू करावा आणि त्याला वेगळे नाव द्यावे, म्हणजे गोंधळ होत नाही.

नाव दिसते, पण जोडणी होत नाही, असेही घडते. पासवर्डमधली लहान-मोठी इंग्रजी अक्षरे आधी तपासावीत. ती बरोबर असतील तर कुलपाचा प्रकार पाहावा. नव्या राउटरवर फक्त डब्ल्यूपीए-३ निवडलेले असेल, तर डब्ल्यूपीए-२ पर्यंतच जाणणारे जुने यंत्र आत येऊ शकत नाही. दोन्ही चालतील अशी मिश्र निवड करावी. त्याहून खाली मात्र उतरू नये. २००४ सालच्या निन्टेन्डो डीएसला डब्ल्यूईपी हे एकच कुलूप ठाऊक होते, आणि त्यातली मोठी त्रुटी २००१ सालीच उघड झाली होती. आज ते काही मिनिटांत उघडता येते. त्याच राउटरवर आईवडिलांचे बँकेचे व्यवहार चालतात. खेळण्यासाठी साऱ्या घराचे कुलूप सैल करायचे का, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे अवश्य ठेवावा.

जोडणी झाली, तरी खेळ चालत नाही? प्लेस्टेशन ४ मध्ये इंटरनेट जोडणी तपासण्याची सोय आहे. ती पायरीपायरीने निकाल देते: आयपी पत्ता मिळाला का, इंटरनेट लागले का, खात्यात प्रवेश झाला का, आणि शेवटी वेग. आयपी पत्ता सहसा राउटर देतो. तेव्हा पहिलीच पायरी चुकली तर दोष घरातच शोधावा. पहिली जमून दुसरी अडली, तर तो बहुधा राउटरच्या पलीकडे, सेवा पुरवणाऱ्याकडे असतो. मग कन्सोलची सेटिंग चाळत बसण्यात अर्थ नाही.

सगळ्या पायऱ्या पार पडूनही खेळ अडखळत असेल, तर संशय रेडिओवर जातो. २.४ चा पट्टा गर्दीचा आहे, कारण तो वापरायला परवाना लागत नाही. भारतात ही सूट २००५ साली मिळाली. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. त्यातून निसटणारी शक्ती अल्प असते, पण कन्सोलपर्यंत पोचणाऱ्या संदेशापुढे ती गोंगाटच ठरते. शिवाय या पट्ट्यातल्या वाहिन्यांमध्ये ५ मेगाहर्ट्झचेच अंतर असते आणि प्रत्येक राउटर साधारण २० मेगाहर्ट्झ जागा व्यापतो. म्हणून १ आणि ३ क्रमांकांच्या वाहिन्या एकमेकींवर चढतात. १, ६ आणि ११ चढत नाहीत.

येथे एक प्रयोग निर्णायक आहे. कन्सोल जागचा न हलवता तो केबलने राउटरला जोडावा आणि बाकी काहीही बदलू नये. अडखळणे थांबले तर दोष रेडिओचा. नाही थांबले तर वाहिन्या बदलून उपयोग नाही. ‘मोबाइलवर तर चालते’ हा पुरावा येथे फारसा कामाचा नाही, कारण मोबाइल राउटरशेजारी हातात असतो आणि बहुधा ५ च्या पट्ट्यावर. कन्सोल मात्र टीव्हीमागे, लोखंडी कपाटाच्या आड. तुलना करायचीच तर मोबाइल २.४ वर आणून कन्सोलच्या जागी ठेवावा. तोही तेथे रडू लागला, तर आधी कन्सोल कपाटाबाहेर काढावा. जागा बदलणे शक्य नसेल तर केबल तशीच राहू द्यावी.