परिचारिका नोंदणी व तिचे नूतनीकरण

परिचारिका नोंदणी व तिचे नूतनीकरण : मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या परिचारिकेचे नाव कायद्याने स्थापन झालेल्या परिषदेच्या नोंदपटात दाखल करणे म्हणजे नोंदणी आणि ठराविक मुदतीनंतर आवश्यक अटी पुऱ्या करून ती नोंद पुढे चालू ठेवणे म्हणजे नूतनीकरण होय. परिचर्येचा व्यवसाय करणाऱ्या पुरुषांसही हेच नियम लागू असतात. रुग्णशय्येवरील रुग्ण आपणास औषध देणाऱ्या परिचारिकेच्या ज्ञानाची परीक्षा घेऊ शकत नाही. ही पारख समाजाच्या वतीने परिषद करते आणि चालू नोंदणी हा तिचा पुरावा असतो. तो पुरावा जिवंत ठेवण्याची जबाबदारी मात्र प्रामुख्याने परिचारिकेचीच असते.

इतिहास : फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या प्रेरणेने १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले, तथापि शासकीय नोंदणीस त्यांचा विरोध होता. चारित्र्य, निष्ठा व सहानुभूती हे गुण परीक्षेने मोजता येत नाहीत, असे त्यांचे मत होते. याउलट एथेल गॉर्डन फेनविक यांनी अप्रशिक्षित व्यक्तींपासून रुग्णांचे रक्षण व्हावे, म्हणून नोंदणीचा आग्रह धरला आणि १८८७ मध्ये ब्रिटिश परिचारिका संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. केवळ परिचारिकांच्या नोंदणीसाठी न्यूझीलंडने १९०१ मध्ये स्वतंत्र कायदा केला व १९०२ च्या जानेवारीत एलेन डॉहर्टी या तेथील पहिल्या नोंदणीकृत परिचारिका ठरल्या. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नॉर्थ कॅरोलायना राज्याने १९०३ मध्ये, तर ब्रिटनने १९१९ मध्ये असे कायदे केले. ब्रिटिश नोंदपटातील पहिले नाव फेनविक यांचे आहे.

या आरंभीच्या कायद्यांचा भर प्रवेशावर होता. शिक्षण पुरे करून नाव दाखल झाले, की परिचारिकेच्या ज्ञानाची पुन्हा विचारणा होत नसे. औषधे, उपकरणे व उपचारपद्धती वेगाने बदलू लागल्यावर ही व्यवस्था अपुरी पडू लागली. हृद्-फुप्फुस पुनरुज्जीवन हे याचे बोलके उदाहरण होय. या क्रियेत प्रौढ रुग्णाच्या छातीवरील दाब व कृत्रिम श्वास यांचे पूर्वीचे १५ : २ हे प्रमाण २००५ मध्ये ३० : २ असे बदलले, २०१० मध्ये श्वसनमार्ग मोकळा करण्याआधी दाब सुरू करण्याचा क्रम आला, २०१५ मध्ये दाबांची गती मिनिटास १०० ते १२० अशी ठरविण्यात आली. म्हणजे दहा वर्षांच्या अवधीत एकाच क्रियेचे प्रमाण, क्रम व गती ही तिन्ही बदलली. शिवाय सराव नसल्यास हे कौशल्य काही महिन्यांतच मंदावते. जुने प्रमाणपत्र खोटे नसते. पण आजच्या रुग्णापुरते ते अपुरे ठरू शकते.

नोंदणी व विशेष प्रमाणपत्र : या दोहोंत भेद केला पाहिजे. नोंदणी हा व्यवसायाचा कायदेशीर आधार आहे. विशेष प्रमाणपत्र हे अतिदक्षता, पुनरुज्जीवन यांसारख्या विशिष्ट क्षेत्रातील प्रावीण्याचे निदर्शक असून ते बहुधा व्यावसायिक संस्था देतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनचे पुनरुज्जीवनविषयक प्रमाणपत्र दोन वर्षांपुरते असते. दोहोंच्या मुदती वेगळ्या असल्यामुळे एक चालू असताना दुसरे संपलेले असणे शक्य असते.

भारतातील व्यवस्था : मुंबई इलाख्यात परिचारिका, प्रसाविका व आरोग्य अभ्यागता यांच्या नोंदणीचा अधिनियम १९३५ मध्ये झाला. महाराष्ट्र राज्यात महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ हा कायदा करण्यात आला. राज्यातील नोंदणीचे काम महाराष्ट्र परिचर्या परिषद पाहते. देशभर शिक्षणाचा दर्जा एकसारखा राहावा, म्हणून भारतीय परिचर्या परिषद अधिनियम, १९४७ संमत झाला. त्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग अधिनियम संमत केला.

भारतीय परिचर्या परिषदेने नोंदणीचे नूतनीकरण पाच वर्षांनी करण्याचे व त्या अवधीत १५० तासांचे निरंतर परिचर्या-शिक्षण घेण्याचे धोरण अवलंबिले. वर्षास सरासरी ३० तास असे हे प्रमाण पडते. नोंदपट राज्यनिहाय असल्याने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नोकरीस जाणाऱ्या परिचारिकेस नव्या राज्याच्या परिषदेशी नोंदणीचे व्यवहार करावे लागतात. केरळमधून महाराष्ट्रातील रुग्णालयांत येणाऱ्या परिचारिकांना याचा अनुभव येतो. देशातील परिचारिकांची माहिती एकत्र असावी, यासाठी परिषदेने संगणकीय नोंदपट व प्रत्येकीस स्वतंत्र ओळखक्रमांक ही योजना आखली.

इतर देश : ब्रिटनमध्ये एप्रिल २०१६ पासून पुनर्प्रमाणन पद्धती लागू आहे. तीनुसार दर तीन वर्षांत ४५० तासांचे प्रत्यक्ष काम, ३५ तासांचे व्यावसायिक शिक्षण, कामाविषयीचे पाच अभिप्राय व आत्मपरीक्षणपर पाच टिपणे आवश्यक असतात. मिड स्टॅफर्डशर येथील रुग्णसेवेतील गंभीर हेळसांडीची चौकशी करणाऱ्या फ्रान्सिस समितीने २०१३ च्या अहवालात परिचारिकांसाठी अशा पद्धतीची शिफारस केली होती. कॅलिफोर्निया राज्यात दर दोन वर्षांनी नूतनीकरण होते व त्यासाठी सामान्यतः ३० तासांचे शिक्षण लागते. केवळ तास मोजायचे, की केलेल्या कामाचाही विचार करायचा, हा या पद्धतींतील मूलभूत फरक आहे.

जबाबदारी : नोंदणी व्यक्तीच्या नावे असते, रुग्णालयाच्या नावे नसते. त्यामुळे मुदत लक्षात ठेवणे, शिक्षणाची प्रमाणपत्रे जपणे, पत्ता वा नाव बदलल्यास परिषदेस कळविणे आणि वेळेत अर्ज करणे ही परिचारिकेची कर्तव्ये ठरतात. मुदत टळल्यास नोकरी, पदोन्नती व परदेशगमन यांत अडथळे येतात. त्याहून गंभीर बाब अशी, की अशा अवस्थेत उपचारात काही प्रमाद घडल्यास तिची बाजू दुबळी होते आणि संबंधित रुग्णालयही अडचणीत येते.

तथापि सारा भार एकट्या परिचारिकेवर टाकणे न्याय्य नाही. पाळ्यांचे काम, अपुरे मनुष्यबळ, अभ्यासवर्गाचे शुल्क व प्रवासाचे अंतर यांमुळे ग्रामीण भागातील परिचारिकेस शिक्षणाचे तास पुरे करणे कठीण जाते. रुग्णालयाने कामाच्या वेळेत प्रशिक्षणाची सोय करणे व मुदतींची नोंद ठेवणे, तसेच परिषदेने जिल्ह्याच्या ठिकाणी अभ्यासवर्ग मान्य करणे, हे त्यावरील उपाय होत. अन्यथा हजेरीपुरते वर्ग भरविण्याची प्रवृत्ती वाढते व नूतनीकरणाचा हेतूच विफल होतो.

नूतनीकरणामुळे कौशल्याची पूर्ण हमी मिळते असे नाही. मायेचा स्पर्श, सावध नजर व प्रामाणिकपणा यांचे मोजमाप कोणत्याही नोंदपटात होत नाही. या मर्यादेपुरता नाइटिंगेल यांचा आक्षेप आजही लागू पडतो. मात्र आवश्यक ज्ञानाची किमान पातळी नियतकालिकपणे तपासण्याचे आणि गुणांच्या जोडीस अद्ययावत ज्ञान असल्याची ग्वाही रुग्णास देण्याचे दुसरे व्यवहार्य साधन समाजापाशी नाही.