निळा पडदा आणि संगणकाची घंटा

भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या बेचक्यातला राहूचा परिसर उसाचा आणि गुऱ्हाळांचा. इथल्या घरांतही आता संगणक दिसतो. कधी नवा, कधी कुणाचा वापरलेला. घरातली कॉलेजात जाणारी मुले खेळांसाठी त्याचा वेग वाढवून ठेवतात. थंडीत सारे सुरळीत चालते. एप्रिल-मे आला की काम चालू असताना पडदा एकदम निळा होतो, इंग्रजी अक्षरे उमटतात आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मग सल्ले येतात : 'व्हायरस आहे', 'फॉरमॅट मारा', 'मदरबोर्ड गेला'. पैसे खर्च होतात, साठवलेले फोटो आणि निकालपत्रके पुसली जातात आणि निळा पडदा जिथल्या तिथेच राहतो. गावात असा प्रश्न शेवटी विज्ञानाच्या शिक्षकाकडे येतो. म्हणून यामागचे विज्ञान आपण समजून घेऊ.

घंटा लवकर झाली तर?

संगणकाच्या प्रोसेसरमध्ये एक घड्याळ असते. त्याचे काम शाळेच्या घंटेसारखे असते. प्रत्येक ठोक्याला एक छोटी पायरी पूर्ण होते आणि तिचे उत्तर पुढच्या पायरीकडे जाते. 'चार गिगाहर्ट्झ' म्हणजे सेकंदाला ४ अब्ज ठोके. दोन ठोक्यांमधला वेळ एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा चौथा हिस्सा. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम साडेसात सेंटीमीटर जातो, म्हणजे साधारण तळहाताच्या रुंदीइतके अंतर.

आता समजा, मुख्याध्यापकांनी ३५ मिनिटांचा तास ३० मिनिटांचा केला. बहुतेक वर्ग तरीही निभावून नेतील, कारण तासात थोडा सैल वेळ असतोच. २५ मिनिटांचा केला, तर काही मुलांचे शेवटचे गणित अर्धेच राहील आणि वह्या तशाच गोळा होतील. प्रोसेसरचेही असेच होते. कारखाना वेग ठरवताना थोडा सैल वेळ राखून ठेवतो, कारण प्रत्येक चिप सारखी नसते आणि ती कुठल्या हवेत चालणार हे ठाऊक नसते. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे हा राखीव वेळ खर्चून घंटा लवकर वाजवणे. पूर्वीचे एक गाजलेले उदाहरण १९९८ च्या सेलेरॉन ३०० ए या प्रोसेसरचे. त्याचा गुणक ४.५ आणि पायाभूत ठोके ६६ मेगाहर्ट्झ. म्हणून वेग सुमारे ३००. पायाभूत ठोके १०० केले की ४.५ गुणिले १०० म्हणजे ४५० मेगाहर्ट्झ! दीडपट वेग, तोही फुकट. पुष्कळ चिपांना तो झेपला, काहींना झेपला नाही.

उष्णता कुठून येते?

वेग वाढवल्यावर चिप अडखळू लागली की हौशी लोक तिचा विद्युतदाब, म्हणजे व्होल्टेज, वाढवतात. दाब वाढला की आतले स्विच लवकर उघडझाप करतात. पण त्याची किंमत मोजावी लागते. उघडझापीत खर्च होणारी शक्ती दाबाच्या वर्गाच्या आणि ठोक्यांच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के आणि दाब १० टक्के वाढवला, तर १.१ × १.१ × १.१ = १.३३, म्हणजे सुमारे ३३ टक्के जास्त उष्णता. दहावीच्या मुलांना हे गणित सहज करता येईल.

चिप खोलीतल्या हवेहून किती तापणार हे पंख्यावर आणि कामावर अवलंबून असते. समजा, ती हवेपेक्षा ५५ अंशांनी जास्त तापते. जानेवारीत खोली २० अंशांवर असेल तर चिप ७५ अंशांवर राहील. मे महिन्यात पत्र्याखालची खोली ४० अंशांवर गेली की चिप ९५ अंशांवर जाईल. अनेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोहोचल्यावर प्रोसेसर आपला वेग आपोआप कमी करतो किंवा यंत्र बंद पडते. पण वेग ताणलेला असेल तर त्याआधीच चुका सुरू होतात. भर थंडीत घेतलेली परीक्षा मे महिन्यात कामाला येत नाही, ती यामुळे. त्यातच पंख्यात धूळ बसली, की उरलासुरला सैल वेळही संपतो. पुण्याच्या आयसर संस्थेतल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकातही उष्णता वाहून नेण्यासाठी द्रवाचा वापर करावा लागला आहे.

निळा पडदा काय सांगतो?

निळा पडदा ही विंडोजची सावधगिरी आहे. जे घडणे शक्य नाही असे काही घडल्याचे तिला दिसले, की पुढे चुकीचे काही लिहिले जाऊ नये म्हणून ती सारे काम थांबवते. (विंडोज ११ च्या २०२५ मधल्या सुधारित आवृत्तीपासून हा पडदा काळा झाला आहे.) मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी २००५ मध्ये एक गमतीदार अनुभव लिहिला. लोकांकडून आलेल्या काही अहवालांत संगणक अशा आज्ञेवर कोसळला होता, जी चुकूच शकत नाही : एका खणात शून्य भरण्याची आज्ञा. चौकशी केल्यावर यातले बरेच संगणक ओव्हरक्लॉक केलेले निघाले. काही मालकांना तर याचा पत्ताच नव्हता. दुकानातूनच तो तसा आला होता. वापरलेला संगणक घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

शोध कसा घ्यावा?

१. प्रथम महत्त्वाच्या फायली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या.

२. एक वही करा. तारीख, वेळ, खोलीचे तापमान, त्या वेळी चाललेले काम आणि पडद्यावरचे शब्द लिहा. एकाच फायलीचे नाव दर वेळी येत असेल तर त्या सॉफ्टवेअरवर संशय घ्या. दर वेळी वेगळेच शब्द येत असतील तर रॅम, उष्णता किंवा वीज यांच्याकडे वळा.

३. संगणक सुरू होताना बायोसमध्ये जाऊन 'लोड डिफॉल्ट्स' निवडा. वेग आणि दाब कारखान्याच्या आकड्यांवर येतात. रॅमचे 'एक्सएमपी' हेही बहुधा ओव्हरक्लॉकिंगच असते; तेही बंद करा. आता आठवडाभर वापरा. निळा पडदा थांबला तर कारण सापडले. थांबला नाही तर दोष अन्यत्र आहे. प्रयोगात आपण 'नियंत्रित नमुना' ठेवतो, त्याचेच हे रूप.

४. वीज बंद करून, प्लग काढून धूळ साफ करा. तापमान दाखवणारे सॉफ्टवेअर लावून आकडे वहीत नोंदवा.

५. मेमटेस्ट नावाच्या प्रोग्रॅमने रात्रभर रॅम तपासा. एकही चूक चालणार नाही. चूक आली तर एकेक पट्टी वेगळी लावून तपासा.

६. निळा पडदा न येता संगणक झटक्यात बंद पडत असेल तर वीजपुरवठा किंवा अतिउष्णता यांचा विचार करा. शेतातला पंप सुरू होताना दिवे मंद होतात का, अर्थिंग ठीक आहे का, तेही पाहा. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक विद्युतभार उरतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम, पंखा आणि विंडोज एकाच दिवशी बदलले आणि बिघाड थांबला, तर तो कशाने थांबला हे कळत नाही.

आणखी एक शक्यता आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही प्रोसेसर मालकाने वेग न वाढवताही कोसळत होते. गरजेपेक्षा जास्त दाब मिळत असल्याचे २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले, सुधारणा दिली आणि वॉरंटी वाढवली. अशा संगणकात बायोस अद्ययावत करावे. झालेली झीज मात्र त्याने भरून निघत नाही.

न दिसणारी चूक

निळा पडदा दिसतो तरी. खरी भीती न दिसणाऱ्या चुकीची आहे. एखादी बेरीज चुकली आणि विंडोजला ती कळली नाही, तर काम चालूच राहते आणि निकालपत्रकात ६८ च्या जागी भलताच आकडा बसतो. म्हणून 'प्राइम९५' सारखे प्रोग्रॅम ज्यांची उत्तरे आधीच माहीत आहेत अशी लांबलचक गणिते तासन् तास करून घेतात आणि उत्तर ताडून पाहतात.

हे वर्गात करून पाहता येईल. दहा मुले ओळीत बसवा. पहिल्याला १ ही संख्या द्या. प्रत्येक टाळीला हातातल्या संख्येची दुप्पट चिठ्ठीवर लिहून शेजाऱ्याला द्यायची. शेवटी १०२४ यायला हवेत. टाळ्यांचा वेग हळूहळू वाढवा. एका वेगानंतर उत्तर चुकू लागेल आणि चुकणारा मुलगा दर वेळी तोच असेल असे नाही. मग हाच खेळ देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या ६१७४ च्या रीतीने खेळा : चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत जायचे. मधे कुणी चुकला तरी पुढच्या काही पायऱ्यांत बहुधा ६१७४ च येतील! पहिल्या खेळात चूक शेवटपर्यंत टिकते, दुसऱ्यात ती पुसली जाते. तपासणीसाठी कोणते गणित निवडावे आणि का, हे मुलांनाच विचारा.

खेळासाठी घरच्या संगणकाचा वेग थोडा वाढवायला हरकत नाही; पण पायरीपायरीने, दर पायरीला तपासून, आणि ती तपासणी मे महिन्याच्या दुपारी करून. ज्या संगणकावर शाळेचे निकाल आणि मुलांच्या नोंदी आहेत, त्याची घंटा मात्र कारखान्याने ठरवलेल्या वेळेलाच वाजू द्यावी.