माहूरगडावर जाताना

नवरात्र सरले की माझ्या दवाखान्यात माहूरहून परतलेले पेशंट येऊ लागतात. पैनगंगा ओलांडली की गड, सकाळच्या एस.टी.ने जाऊन रात्री घरी. जवळचा म्हणून कोणी तयारी करीत नाही.

एका वर्षी एक मावशी आल्या. मधुमेहाची गोळी घेतलेली, वर उपवास आणि तीन तास रांग. रेणुकामातेच्या पायऱ्यांवरच दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले. शुद्ध होती, सुनेने लगेच साखर चारली म्हणून निभावले. (बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये.) मधुमेही मंडळींनी उपवास धरण्याआधी गोळी-इन्सुलिनचे प्रमाण डॉक्टरांना विचारून घ्यावे. खिशात साखर असू द्यावी.

गर्दीत माणूस चिरडून मरतो असे आपण म्हणतो. पुष्कळदा तो उभ्याउभ्याच गुदमरतो. छाती दाबली जाते, श्वासाला जागा उरत नाही. सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी चेंगराचेंगरीत जवळपास ३०० भाविक गेले. तिथे नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. म्हणून दाटी वाढली की दोन्ही हात कोपरात वाकवून छातीसमोर धरा. रेट्याशी झुंजू नका; तो ओसरला की तिरके सरकत कडेला या. लेकरू कडेवर घ्या. चप्पल निसटली तर जाऊ द्या, वाकू नका.

मी स्वतः दिवाळीनंतर जातो. दर्शन तेच होते, आणि शिखरावर दत्ताकडे जायलाही वेळ उरतो.