कोबीवरची अळी आणि निंबोळीचे पाणी

हिवाळा लागला की नागपूरच्या बाजारात पानकोबीचे ढीग लागतात. गिऱ्हाईक गड्डा हातात घेते, उलटापालटा करते. पानाला भोके दिसली की खाली ठेवते. भाव पडतो. मग शेतकरी घाबरतो आणि जालीम औषधाचा डबा घेऊन येतो.

आपण त्याला औषध म्हणतो, पण ते विषच आहे. २०१७ साली आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसे दगावली. आणि कपाशी काही आपण भाजी म्हणून ताटात घेत नाही. कोबी घेतो, पोराबाळांना खाऊ घालतो.

बरं, विषाने अळी तरी जाते का? कोबीवरची ही अळी मोठी चिवट. पोपटी रंगाची, नखाएवढी. बोट लावले की वळवळते आणि बारीक धाग्याला लोंबकळत खाली उतरते. तिचा पतंग राखाडी असतो. पंख मिटून बसला की पाठीवर चौकोनी ठिपके दिसतात. जावा बेटात या अळीवर डीडीटी मारत. १९५३ सालीच नोंद झाली की ती डीडीटीला दाद देत नाही. पुढे नवी नवी विषे आली. त्यांतली कित्येक तिने पचवली. जी अळी विषातून वाचते तिचीच पिल्ले पुढे वाढतात, त्यामुळे असे होते.

मग करायचे काय? अळी लहान असतानाच तिला गाठायचे. ती एकदा गड्ड्यात शिरली की कोणतेही पाणी तिथवर पोचत नाही.

पहिली युक्ती मोहरीची. बंगळूरजवळच्या हेसरघट्टा येथे बागायती पिकांवर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. ही युक्ती तिथली. पतंगाला कोबीपेक्षा मोहरी अधिक आवडते, तो अंडी तिच्यावर घालतो. म्हणून कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी घ्यायच्या. एक ओळ कोबी लावण्याआधी १५ दिवस पेरायची, दुसरी कोबी लावल्यावर २५ दिवसांनी. पहिली जून होते तोवर दुसरी कोवळी तयार असते. मात्र मोहरीवर अळ्या वाढू देऊ नका. भरलेली पाने तोडून कोंबड्यांपुढे टाका. नाही तर ती ओळ म्हणजे अळ्यांचा पाळणाच व्हायचा!

दुसरी युक्ती निंबोळीच्या पाण्याची. १५ लिटरच्या एका पंपाला पाऊण किलो वाळलेली निंबोळी लागते. ती कुटून भुकटी करावी आणि संध्याकाळी दीड-दोन लिटर पाण्यात भिजत घालावी. सकाळी ढवळून जाड फडक्यातून पिळून घ्यावी. त्यात ३० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा आणि साधे पाणी घालून १५ लिटर करावे. साबण विसरू नका. कोबीचे पान मेणचट असते, साबण नसला की पाणी थेंब होऊन घरंगळते. फवारणी त्याच दिवशी, उन्हे कलल्यावर करावी, कारण उन्हाने निंबोळीचा गुण जातो. अळी पानाखाली असते, म्हणून पानांच्या खालूनही फवारा मारावा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा.

आता आमची फजिती सांगतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही परसात कोबी लावली. निंबोळीचे पाणी मारले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो अळ्या जिवंत! शेजारी हसले. म्हणाले, "गुरुजी, झाडाला काढा पाजता काय?" आम्हीही खट्टू झालो. विषाचा डबा आणायला निघणारच होतो. पण मास्तरकीची सवय जाते कुठे? पाच झाडांच्या एकेका पानाला दोरा बांधला आणि त्या पानांची भोके वहीत मांडली. चौथ्या दिवशी पुन्हा मोजली. भोके जवळजवळ तितकीच. अळ्या होत्या, पण सुस्तावलेल्या, आकसलेल्या. निंबोळीने अळी पटकन मरत नाही. ती खाणे सोडते आणि कात टाकताना अडते. पुष्कळ लोक दुसऱ्याच दिवशी मेलेली अळी शोधतात, ती सापडत नाही, आणि मग विषाकडे वळतात. तुम्ही अळी मोजू नका, नवी भोके मोजा.

एक अडचण मात्र खरी आहे. कोबी लावायची दसरा-दिवाळीला आणि निंबोळी पडते मृगाच्या सुमारास. तेव्हा पेरणीची घाई असते, झाडाखालच्या पिवळ्या सड्याकडे कोण बघतो? त्या दिवसांत सकाळी घटकाभर पोरांना टोपल्या देऊन पाठवावे. गर धुऊन काढावा. बिया सावलीत खडखडीत वाळवाव्या. बुरशी आलेल्या टाकून द्याव्या. बाकीच्या गोणपाटाच्या पोत्यात भरून, ओल लागणार नाही अशा जागी, आढ्याला टांगून ठेवाव्या.